फडकं हाताशी असू द्या : पाळणाघरातल्या इंटर्नसाठी मार्गदर्शिका

बालविकासाचा अभ्यासक्रम निवडला की कधी ना कधी पाळणाघरात इंटर्नशिप करावी लागते. त्यासाठी कॉलेजकडून एक पत्र, एक फाइल आणि भरघोस शुभेच्छा मिळतात. पत्र मॅडमना द्यावं, फाइल पिशवीत ठेवावी, शुभेच्छा मात्र पुरवून पुरवून वापराव्यात. पुढील सूचना पुण्या-मुंबईकडच्या मध्यम आकाराच्या पाळणाघराला धरून केल्या आहेत: बंगल्याचा तळमजला, भिंतीवर जिराफ, दाराशी उलटसुलट चपला, आणि आत दीड ते पाच वर्षं वयाचे वीसेक नागरिक.

१. आपली जागा ओळखा

कागदावर सर्वांत वर संचालिका मॅडम, त्यांच्याखाली ताई आणि तळाशी मावशी असतात. हा कागद कार्यालयात लावलेला असतो आणि तो तिथेच बरा. कोणतं मूल कोणत्या कुशीवर झोपतं, वरणात कोथिंबीर दिसली की कोणाचं जेवण संपतं, कोणाचा चेहरा कसा झाला की बाथरूमकडे धाव घ्यायची, हे सगळं मावशींना तोंडपाठ असतं. मॅडम रजेवर गेल्या तर पाळणाघर चालतं. मावशी गावाला गेल्या तर पालकांना मेसेज जातो.

इंटर्नची जागा माशांच्या टाकीच्या किंचित खाली. मासे निदान कायम आहेत.

२०१३च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहा वयोगटातल्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं आहे. या हिशेबात स्वतःला मोठं माणूस धरू नका. मुलंही धरत नाहीत.

२. वेशभूषा

ओढणी, लोंबते कानातले आणि आत्मसन्मान घरी ठेवून यावं. केस घट्ट बांधावेत. पांढरा कुर्ता घालायला हरकत नाही. दिवसभरात काय काय झालं याची नोंद त्यावर आपोआप होते. मांडीवर एक, पाठीवर एक अशी दोन मुलं असताना हात न टेकता जमिनीवरून उठता आलं पाहिजे. हा सराव घरी करावा. खिशात पेन नसलं तरी चालेल, फडकं हवं.

३. आराखडा लिहिणे

फाइलीत प्रत्येक उपक्रमासाठी रकाने आखलेले असतात: उद्दिष्ट, साहित्य, कृती, वेळ, मूल्यमापन. उद्दिष्टाच्या रकान्यात ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास व हस्त-नेत्र समन्वय’ असं डोळे मिटून लिहावं. मटार सोलणं, मणी ओवणं, दुसऱ्याच्या डब्यातली पोळी पळवणं, या सगळ्याला ते लागू पडतं.

प्रस्तावनेत थोर नावं घालावीत. फ्रोबेलने १८४० साली आपल्या प्रयोगाला ‘किंडरगार्टन’ नाव दिलं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत काम केलं. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे असं हाताशी असेल ते घेतलं, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. हे सगळं वाचून तुम्हाला भरून येईल. त्याच भरात चिंचोके आणि मणी घेऊन दीड वर्षाच्या गटात शिरू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, चिंचोके, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, गुंड्या द्यायच्या नाहीत, ती घशात अडकतात. या मार्गदर्शिकेत थट्टा न करता लिहिलेली वाक्यं मोजकी आहेत. त्यांतलं हे पहिलं.

‘वेळ’ या रकान्यात तीस मिनिटं लिहावं. प्रत्यक्षात तयारीला तासभर, उपक्रमाला चार मिनिटं आणि हात धुवायला उरलेली सकाळ लागते.

४. गोल करणे

सर्व उपक्रमांची सुरुवात गोलात बसण्यापासून होते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुलांचा गोल बसताक्षणी कोयरीच्या आकाराचा होतो आणि थोड्याच वेळात तुमच्या मांडीच्या दिशेने सरकू लागतो. सगळी मांडीपर्यंत पोचली की त्यालाच गोल म्हणावं आणि पुढे जावं.

“कोणाला काही सांगायचंय का?” हा प्रश्न विचारू नये. सगळ्यांना सांगायचं असतं. आजोबांचे दात रात्री वाटीत झोपतात इथपासून बाबा आईला काय म्हणाले इथपर्यंतची माहिती तुम्हाला मिळेल, आणि संध्याकाळी तेच आजोबा, तेच बाबा फाटकात उभे असतील.

तसंच, ‘नाही’ हे उत्तर येऊ शकेल असा प्रश्न टाळावा. “रंगवायचं का?” असं विचारलंत की संपलं. “लाल रंग घेतोस की पिवळा?” असं विचारावं. आवाज चढवून गोंधळ थांबत नाही, त्यात एका आवाजाची भर तेवढी पडते. उलट अगदी हळू, कुजबुजत बोलायला लागा. काहीतरी गुपित चाललंय या संशयाने निम्मी मुलं गप्प होतात. उरलेली निम्मी मावशींच्या एका नजरेने होतात.

५. मुख्य उपक्रम : भेंडीचे ठसे

हा उपक्रम प्रत्येक इंटर्न करते. तो टळत नाही, म्हणून सविस्तर देत आहोत.

साहित्य: निबर भेंड्या, ताटल्यांत घट्टसर रंग, कागद, खाली पसरायला जुनी वर्तमानपत्रं. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. निबर भेंडी निवडून देताना भाजीवाला तुमच्याकडे करुणेने बघेल. कारण सांगत बसू नका.

पहिली पायरी: वर्तमानपत्रं पसरणे. एका मुलाला त्यात जेसीबीचं चित्र सापडतं. त्याच्यापुरता उपक्रम इथे यशस्वीपणे संपतो.

दुसरी पायरी: भेंडी वाटणे. एक मूल ती खातं. घरी त्याच भाजीला तोंड न लावणारं मूल हेच असतं. हे आईला सांगू नका, तिला वाईट वाटतं.

तिसरी पायरी: ठसा उमटवणे. पहिलं फूल उमटतं तेव्हा सगळे स्तब्ध. दुसरं फूल कागदावर, तिसरं स्वतःच्या गुडघ्यावर, चौथं शेजारच्याच्या गालावर, पाचवं तुमच्यावर. तोवर लाल, पिवळा आणि निळा एकमेकांत मिसळून तो जगन्मान्य शेवाळी-तपकिरी रंग तयार झालेला असतो. यापुढचं सर्व काम याच रंगात होईल.

चौथी पायरी सर्वांत अवघड आहे. या सगळ्या धामधुमीत एक मूल भेंडीकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या हातात रंगाच्या बाटलीचं झाकण असतं. ते झाकण लावतं, फिरवतं, काढतं, पुन्हा लावतं. आटा तिरका बसला की थांबतं, निरखतं, सरळ करतं. तुम्हाला त्याला उचलून ‘उपक्रमात’ आणण्याचा अनावर मोह होईल. रोममध्ये लाकडी दंडगोल खाचांत बसवण्यात गढलेली एक लहान मुलगी माँटेसरींनी पाहिली होती. भोवती बाकीच्या मुलांना गायला लावलं, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम चालूच. पुढे त्यांच्या पद्धतीचा मोठा भाग असल्या एकाग्रतेवर उभा राहिला. तुमच्या उद्दिष्टाच्या रकान्यातले सूक्ष्म स्नायू, हात आणि डोळ्यांचा समन्वय, चिकाटी, सगळं त्या झाकणापाशी चाललेलं आहे, भेंडीविना. परंतु फाइलीत झाकणाला रकाना नाही. तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे ‘सहभाग घेतला नाही’ असं नेटकेपणाने लिहावं.

पाचवी पायरी: प्रदर्शन. कागदावर नाव आधीच घालून ठेवावं. नंतर वीस शेवाळी कागदांतून कोणता कोणाचा हे त्या मुलांनाही सांगता येत नाही. पालकांना ‘कशाचं तरी’ चित्र हवं असतं, म्हणून मुलं झोपल्यावर मोठी माणसं त्याला शेपूट, मिशा, डोळे जोडतात. एखाद्या पाळणाघराच्या भिंतीवर वीस एकसारखी, सुबक फुलपाखरं दिसली तर समजावं, ती सगळी एकाच बाईंनी काढली आहेत, आणि त्यांचे सूक्ष्म स्नायू उत्तम विकसित झाले आहेत.

६. प्रासंगिक उपक्रम : आषाढीची दिंडी

जून-जुलैमध्ये रुजू झालात तर दिंडी चुकत नाही. विठ्ठल निवडताना शांत मूल निवडावं, असा समज आहे. वास्तविक कमरेवर हात ठेवून उभं राहणं तीन वर्षांच्या कुणालाही शिकवावं लागत नाही. ‘नाही’ म्हणताना त्याची तीच मुद्रा असते. फोटो सर्वांत आधी काढावा, कारण गंध, टोपी आणि प्लॅस्टिकची तुळस ही तिन्ही एकाच वेळी जागेवर असण्याचा काळ फार थोडा. पुठ्ठ्याची पालखी केलीत तर ती वाहायला कोणी मिळत नाही. आत बसायला सगळे तयार असतात.

७. तंटानिवारण

लाल ट्रक एक, दावेदार दोन. अशा वेळी ‘वाटून घ्यावं’ या विषयावर प्रवचन देण्याची पद्धत आहे. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांत शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळणं ही एक पायरी आहे आणि दोन-अडीच वर्षांची मुलं बहुतेक तिथेच असतात. त्यांना ट्रक वाटून घेता येत नाही. सोपा उपाय म्हणजे दुसरा लाल ट्रक. तो नसेल तर “तुला राग आला, तुला तो हवा होता” एवढंच म्हणावं आणि शेजारी बसून राहावं. हे प्रवचनापेक्षा कठीण आहे, कारण यात आपल्याला बोलायला फार काही मिळत नाही.

चावा घेतला गेल्यास ज्याला चावलं त्याच्या पालकांना घडलं ते खरं सांगावं, पण चावणाऱ्याचं नाव सांगू नये. ते काम चावलेला घरी जाऊन करतोच.

८. झोप

दुपारी मुलांना झोपवण्यासाठी तुम्ही मंद संगीत, गोष्ट, श्वासाचे खेळ असं नियोजन कराल. मावशी पाठीवर तीन थापा मारतील. या विषयाला यापेक्षा जास्त जागा देण्याचं कारण नाही.

९. पालक

२०१७च्या सुधारित मातृत्व लाभ कायद्यापासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. कायदा न्याय्य आहे. त्यात एवढंच लिहायचं राहिलं की प्रत्येक भेटीला एक निरोप जोडलेला असतो. ऑफिसच्या पाळणाघरात इंटर्न असाल तर ते चारही निरोप तुमच्या खांद्यावर होतील. आई गेल्यावर पाच मिनिटांत मूल खेळायला लागतं. आईला मात्र तेवढं पुरत नाही. तिला तसा मेसेज जरूर करावा.

संध्याकाळी फाटकात हमखास संवाद होतो. “आज काय केलं, पिल्लू?” “काही नाही.” तुमच्या कुर्त्यावर भेंडीची अकरा फुलं असताना हे ऐकावं लागतं. खुलासा करू नये. पालकांच्या ग्रुपवर जायच्या फोटोत प्रत्येक मूल दिसलं पाहिजे आणि कोणीही रडत असता कामा नये. असा फोटो निसर्गतः मिळत नाही. स्वतःच्या स्टेटसला मात्र मुलांचे फोटो कधीही टाकू नका. थट्टा न केलेलं हे दुसरं वाक्य.

१०. फाइल पूर्ण करणे

शेवटच्या आठवड्यात सर्व रकाने निळ्या शाईने भरावेत. मूल्यमापनात ‘मुलांनी आनंदाने सहभाग घेतला’ हे वाक्य प्रत्येक पानावर चालतं. झाकणवाल्या मुलाच्या पानावर तुमचा हात अडखळेल. ‘सहभाग घेतला नाही’ खोडून समासात खरं काय ते लिहावंसं वाटेल. लिहा. परीक्षक समास वाचत नाहीत, त्यामुळे गुण जाण्याची भीती नाही.

सर्वांत शेवटी ‘मी मुलांना काय शिकवले’ असा पाऊण पानाचा रकाना असतो. तो भरभरून लिहावा, थोर नावं पुन्हा एकदा घ्यावीत आणि मॅडमची सही घ्यावी. मावशींना मात्र ते पान वाचून दाखवू नये. त्यांना हसू आवरत नाही, आणि त्या हसल्या की झोपलेली सगळी मुलं उठतात.