सर्वांना चालेल असा मिनिस्टर

आमच्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चच्या सर्च कमिटीवर माझी निवड माझ्या व्यासंगामुळे झाली, अशी माझी समजूत आहे. बायकोच्या मते कमिटीच्या फोटोत एक तरी सावळा चेहरा हवा होता. फोटोत मी मधोमध आहे, हे मात्र खरं.

आमच्यात बिशप नाही. मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक, आम्ही मंडळींनीच शोधायचा आणि मत देऊन नेमायचा. त्याआधी सगळ्यांना प्रश्नावली. उत्तरं वाचून माझी झोप उडाली. काहींना प्रवचनात देवाचं नाव जरा जास्त यायला हवंय. काहींच्या अंगावर त्याच नावानं काटा येतो, कारण ते कडक कॅथलिक घरांतून पळून आमच्याकडे आलेत. शेजारच्या बाकावर बौद्ध, ज्यू, नास्तिक आणि झाडांना मानणारे. ऑर्गन हवाच, ऑर्गन नकोच. एकमत एकाच गोष्टीवर: नव्या मिनिस्टरनं लहान मुलांची कुटुंबं खेचून आणावीत. आणि हे लिहिणारेच मागे पोर रडलं की मान वळवून असं बघतात की त्या आईनं पुन्हा चर्चची पायरी चढू नये.

‘आम्हाला अस्वस्थ करणारा मिनिस्टर हवा,’ असंही पुष्कळांनी लिहिलंय. मी विचारलं, मग विठ्ठल रामजी शिंदे चालतील? (शिंद्यांचा विषय मी प्रत्येक बैठकीत काढतो. चर्चा गळक्या छपराची असली तरी काढतो.) जमखंडीचे शिंदे 1901 साली युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले. 1903 साली परतून मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. म्हणजे आमच्यातलेच की! पण रविवारची उपासना आटोपून घरी जेवायला जाणं त्यांना पुरेना. 1906 साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालवल्या. बहीण जनाक्काही त्याच कामात उतरल्या. मी रंगात येऊन बोलत होतो. आमच्या खजिनदारबाई टिपणं घेत होत्या.

“अनुभव उत्तम आहे,” त्या म्हणाल्या, “पण बजेट सांभाळता येतं का त्यांना? अर्ज कधी पाठवतायत?”

शिंदे 1944 सालीच वारले, हे मी सांगितलं नाही. उमेदवार म्हणून ते पुढे सरकत होते.

आमचे जुने मिनिस्टर निवृत्त झाले म्हणून हा खटाटोप. त्यांची प्रवचनं मी मनातल्या मनात लाल शाईनं तपासत ऐकायचो. माझी आई सांगलीत वारली तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. संध्याकाळी ते घरी आले. उपदेश नाही, प्रार्थना नाही. बायकोनं केलेला मऊ भात जेवले आणि आईचं नाव काय म्हणून विचारलं. शनिवारी रात्री त्यांचा फोन: “इंदुमतीतला ‘त’ पुन्हा एकदा म्हणून दाखवता?” रविवारी भर सभेत ते नाव त्यांनी स्वच्छ उच्चारलं. आमच्या एवढ्या लांबलचक प्रश्नावलीत याला एक चौकोनसुद्धा नव्हता.

शेवटी एक बाई निवडल्या. रिवाजाप्रमाणे त्या आठवडाभर आल्या, दोन्ही रविवारी प्रवचनं दिली आणि मधले दिवस घरोघरी आमच्या हातची कॅसरोल्स सोसली. पोराबाळांची जागा मागून पुढे, पहिल्या रांगेत आणणार, हे त्यांनी मतदानाआधीच सांगून टाकलं. अस्वस्थ करणारा मिनिस्टर मागणाऱ्यांपैकी काहींनी त्यावर विरोधात मत दिलं. तरी बाई भरघोस मतांनी आल्या, आणि ऑगस्टपासून रुजू होतायत. पहिली रांग माझी होती.