खुर्चीवरून उठायचं नाही!

"ऐकलंस का गं? काल पुन्हा आमच्याकडे महाभारत. मॅच होती ना!" दोरीवर साडी झटकत काकूंनी कुंपणापलीकडून तोंड उघडलं.

"काकांचं आणि मॅचचं काय?"

"काय म्हणजे? १९८० च्या सूर्यग्रहणात मी पोटुशी, तर ह्या माणसाने मला मुद्दाम विळीवर भाजी चिरायला बसवलं. स्वतः समोर बसून! सासूबाईंनी किती दिवस अबोला धरला होता. थोरल्याच्या लग्नात पत्रिका पाहू दिली नाही, मुहूर्त काढला तो रजिस्ट्रारची सुट्टी बघून. आणि असा हा माणूस, मॅच लागली की खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवरून उठत नाही. दुसऱ्या कुणाला बसूही देत नाही."

काकांना आमची सगळी गल्ली ओळखते. अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली निघाली, तेव्हापासून ते तिच्यात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात समितीच्या दाभोलकरांचा खून झाला, त्या सकाळी आपण त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं असं काकूच सांगतात. तेव्हा चेष्टा हवी तेवढी करा, माणूस पोकळ नाही.

"सुरुवात झाली २ एप्रिल २०११ ला. वर्ल्ड कपची फायनल, वानखेडेवर. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला. मी भज्यांची ताटली घेऊन बाहेर आले आणि तेवढ्यात तेंडुलकर १८ वर आउट. झालं! 'तू आत जा' म्हणाले. गंभीर ९७ वर गेला तोवर मी ओट्यापाशी. धोनीची ती शेवटची सिक्स सगळ्या देशाने पाहिली, मी ऐकली."

"आणि २०२३ ला? अहमदाबादला?" मी खपली काढली.

"तीच खुर्ची, आणि मी तशीच आत. तरी त्या हेडने १३७ ठोकले, सहा विकेट राखून जिंकले मेले. म्हटलं, आता बोला! तर म्हणे, मधेच नातू पाणी प्यायला उठला."

तो नातू आता मानसशास्त्र शिकतोय. त्याने आजोबांना स्किनरची कबुतरं ऐकवली. स्किनरने १९४८ साली मांडलेला हा प्रयोग. उपाशी कबुतरं पिंजऱ्यात, आणि ठरावीक वेळाने दाणे. कबूतर काही का करेना, दाणे यायचेच. तरी एक आपलं गोल गोल फिरत राहिलं, दुसरं मान डोलवत राहिलं, जणू दाणे त्यामुळेच येतायत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कबुतरांना फायनल नव्हती."

काकूंनी चिमटे तोंडात धरले, साडी लावली आणि आवाज उतरवला. "खुर्चीचं सोड गं. तिच्याने कुणाचं वाकडं होत नाही. ह्यांची खरी अंधश्रद्धा वेगळीच आहे. ह्यांना वाटतं, पुरावा दाखवला की माणूस ऐकतो."

मला हसू आलं, पण काकू गंभीर होत्या.

"२१ सप्टेंबर १९९५ आठवतो? गणपती दूध प्यायला तो दिवस. हे देवळाबाहेर वाटी-चमचा घेऊन उभे. पृष्ठताणाने दूध कसं ओढलं जातं आणि पातळ धार होऊन मूर्तीवरून कसं खाली उतरतं, सगळं करून दाखवलं. लोकांनी वाकून वाकून बघितलं, 'खरंच की हो' म्हणाले, आणि जाऊन रांगेत उभे राहिले! पुढे २००८ ची ती नारळीकरांची चाचणी. पत्रिका बघून सांगायचं, मूल हुशार की गतिमंद. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाला चाळीस-चाळीस पत्रिका. बरोबर किती निघाल्या? सरासरी ४६ टक्के! नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या घरात गेलं असतं. हे म्हणाले, आता संपलं ज्योतिष. कोपऱ्यावरच्या ज्योतिषाने पुढच्याच उन्हाळ्यात एसी बसवला."

"म्हणजे भाषणं फुकट?"

"तसं नाही म्हणत. पण भाषण ऐकून कुणी पत्रिका फाडलेली मी तरी पाहिली नाही. माझ्या धाकट्या जावेचंच बघ. पोरीला फिट्स यायच्या, गळ्यात गंडा, दर अमावास्येला मांत्रिक. ह्यांनी पत्रकं दिली, ती तिने डब्याखाली घातली. मग एका रात्री हे पोरीला उचलून दवाखान्यात घेऊन गेले आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. पुढे गोळ्या कधी चुकू दिल्या नाहीत. गंडा तिने आपणहून काढला. का काढलास म्हणून कुणी विचारलंही नाही."

काकूंचं म्हणणं मला पटलं. देव, भूत, ग्रह, सगळं काकांनी कधीच खोडून टाकलंय. 'समजावलं की माणूस समजतो' एवढ्यावर मात्र फुली मारवत नाही, आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा तर त्यांच्याइतका कुणीच गोळा केलेला नाही. तरी दर महिन्याला नवं पत्रक छापून येतंच.

"हे सांगितलंत कधी त्यांना?"

"सांगितलं की! म्हणाले, पुरावा दे." काकूंनी रिकामी बादली कमरेवर घेतली. "बरं, रविवारी सहाला वाचनालयात भाषण आहे, विषय पत्रिकाच. येच तू. पुढच्या रांगेत बस, ती रिकामीच असते. आणि ते घरातून निघताना 'कुठे निघालात?' म्हणून टोकू नकोस हं, फार चिडतात."