डोंबिवलीकरांचे ग्रामदर्शन

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला खेडे पाहायची हुक्की आली, की त्याच्यापुढे दोनच तालुके उरतात : शहापूर आणि मुरबाड. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि जव्हार, वाडा, डहाणू तिकडे गेले. ठाणे जिल्ह्याकडे सात तालुके राहिले. त्यांपैकी ठाणे, कल्याण, उल्हासनगर आणि अंबरनाथमध्ये इमारतींचे पीक जोमात आहे, तर भिवंडीत गोदामांचे. भाताचे पीक निवांत पाहायला शहापूर-मुरबाडच गाठावे लागते.

शहापूरला जायला कसारा लोकल आहे. टिटवाळा गेले की खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्टेशने लागतात आणि खिडकीबाहेर हिरवे दिसू लागते. खिडकीच मिळाली नाही, तर ते समोरच्याच्या मोबाइलमधल्या फोटोत पाहता येते. पावसाळ्यातल्या रविवारी माहुली गडावर निघालेले ट्रेकर पाठीवरच्या सॅकसकट दारात उभे असतात, त्यामुळे आसनगावपर्यंत गडाआधीच चढाई होते. रविवारीच मेगाब्लॉकही असतो. गाव पाहण्याचा निम्मा उत्साह त्याने फलाटावरच संपतो.

मुरबाडला रेल्वे नाही. निवडणुकीच्या भाषणांतून ती बऱ्याचदा येऊन गेली आहे. तिकडे कल्याणहून एसटीने जावे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे कुटुंबाच्या सहलीचा हिशेब आता काकू करतात आणि काकांच्या पूर्ण तिकिटाकडे वायफळ खर्च म्हणून पाहिले जाते. तालुक्याच्या गावापासून पुढे जीप मिळते. जीप भरली की सुटते, मात्र ती भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. पाहुण्याला भरल्यासारखी वाटते तेव्हा तीत आणखी चौघे बसायचे असतात.

या भागातली शेती म्हणजे मुख्यतः भात, आणि उतारांवर नाचणी-वरई. उन्हाळ्यात शेतकरी रोपांची जागा भाजून काढतात. तिच्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात, याला राब भाजणे म्हणतात. शहरी पाहुणा तो धूर पाहून प्रदूषणावर दोन शब्द बोलतो आणि गाडीचा एसी वाढवतो. पावसाला सुरुवात झाली की शेवळे, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या उगवतात. शेवळे नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडे घालतात. शेवळांची जुडी मोठ्या हौसेने विकत घेणारे काकडे घ्यायला हमखास विसरतात आणि पुढचे दोन दिवस घरात सगळेच कमी बोलतात.

जुलैतली लावणी हा ग्रामदर्शनाचा मुख्य सोहळा. पाहुणे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरतात, फोटो निघेपर्यंत रोपे लावतात आणि कंबर धरून बांधावर येतात. शेताची मालकीण काही बोलत नाही. पाहुण्यांची पाठ वळली की त्यांनी लावलेली ओळ उपटते आणि पुन्हा सरळ लावते. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यावर या प्रकाराला रीतसर दर्जा मिळाला. दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि वर पैसेही आपणच मोजायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून नीटसे उमगलेले नाही. हिवाळ्यात, पौष पौर्णिमेला, मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. ती बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल घेणारे त्याचे दात पाहतात, पाहुणे त्याच्यासोबत सेल्फी काढतात, आणि बैल दोघांनाही सारख्याच शांतपणे सहन करतो.

गावात शिरल्यावर संभाषण ठरल्या वळणाने जाते.

“कुठनं आलात?”

“डोंबिवलीहून.”

“ते झालं हो. गाव कुठलं?”

मग पाहुणा सांगली, चिपळूण किंवा जळगाव असे काहीतरी सांगतो आणि ओसरीवर त्याला जागा मिळते. त्याला भाताच्या वाणाबद्दल विचारायचे असते, पण यजमान आधी विचारतात, “जागेचा काय भाव चाललाय तिकडं?” पाहुणा हळूच गुंठ्याचा भाव विचारतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा आकडा ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे दोन वन बीएचके तरळतात. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, हे कळल्यावर तो रात्री गावाकडच्या चुलत्याला फोन करून सात-बारावर आपले नाव आहे का, याची चौकशी करतो. चुलते दोन दिवस फोन उचलत नाहीत.

जेवणाची अडचण दोन्ही बाजूंनी होते. पाहुण्याला चुलीवरची नाचणीची भाकरी हवी असते. घरच्या बाईला पाहुण्यापुढे नाचणी ठेवणे कमीपणाचे वाटते, म्हणून ती पोराला दुकानात पिटाळून बिस्किटाचा पुडा आणते आणि गॅसवर पोहे टाकते. चुलीवरचे जेवण परतताना हायवेवरच्या हॉटेलात मिळते. तशी भली मोठी पाटीच तिथे असते.

ग्रामदर्शनाचा शेवटचा भाग तिकिटाशिवाय होतो, म्हणून तो कोणी करत नाही. डोंबिवलीला लागूनच भोपर, दावडी, निळजे, काटई, सागाव अशी २७ गावे आहेत. ती १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचे ठरले आणि उच्च न्यायालयाने ते रद्द केले. एवढ्या काळात एकाही गावाला जागचे हलावे लागले नाही. तिथल्या खाचरांवर आता टॉवर आहेत, आणि लावणी पाहायला पहाटे उठून मुरबाडला निघणारी बरीच कुटुंबे त्याच टॉवरांत राहतात. त्यांना खाली गावदेवीचे देऊळ दिसते, ते पार्किंगला जागा मिळत नाही तेव्हा. त्या मानाने दूरचे गाव पाहणे सोयीचे : ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे निदान पाटीवर लिहिलेले असते.