नऊ थरांचे नैसर्गिक तेज

नैसर्गिक दिसणे हे हल्ली फार कष्टाचे काम झाले आहे. टोनर, सीरम, आय क्रीम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. त्यावर प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर आणि शेवटी गालाच्या हाडावर हायलायटर. दहीहंडीत नऊ थर लावले की निदान टाळ्या तरी पडतात. इथे थर दिसले की मेहनत वाया! समोरच्याने म्हणायला हवे, ‘अगं, काहीच लावलं नाहीस वाटतं!’

सीरममधले नायसिनामाइड म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचेच एक रूप. हे जीवनसत्त्व शेंगदाण्यातही भरपूर असते. पण दाण्याच्या कुटाला काचेची बाटली नि ड्रॉपर नाही, त्यामुळे त्याला कोण विचारतो?

तरी ‘नैसर्गिक’ हा दावा अगदीच खोटा म्हणता येत नाही. हायलायटरची चमक बहुधा अभ्रकाची असते आणि अभ्रक खाणीतून येते. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात पडीक खाणींतून त्याचे तुकडे वेचणाऱ्यांमध्ये लहान मुले असल्याचे वारंवार उघड झाले आहे. त्यांच्या हातापायांवरही तीच चमक असते, तीही एका थरात. फक्त तिला कुणी ‘ग्लो’ म्हणत नाही.

तेव्हा सनस्क्रीन जरूर लावा, ते खरोखर कामाचे आहे. बाकी तेज विकत घेताना डबीवर ‘नैसर्गिक’ छापले आहे का, हे पाहू नका. आतले अभ्रक कुणी वेचले, ते कंपनीला विचारा.