बाणवाले सर

निवडणुकीच्या दिवसांत वरणगावात ‘बाणवाले कुठे राहतात?’ असं विचारलं की लोक पक्षाच्या कार्यकर्त्याचं घर दाखवतात. एरवी वर्षभर दाखवतात ते आमच्या सरांचं. एकदा ऐन प्रचारात बाहेरगावच्या एका पोराची गफलत झाली आणि तो थेट सरांच्या ओट्यावर येऊन बसला. वही उघडून म्हणाला, “सर, तुमच्याकडं बाणाचे किती धरायचे?” सरांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. म्हणाले, “४८. त्यातले सहा अजून वाकडे जाताहेत.” पोराने दोन्ही आकडे लिहून घेतले, खाली ‘सहा जणांना समक्ष भेटणे’ अशी टीप केली आणि वहिनींनी दिलेला चहा पिऊन निघून गेला.

सरांचे बाण कागदावरचे. ते एका कॉलेजात गणित शिकवतात आणि त्यांच्या पीएचडीचा विषय आहे कॅटेगरी थिअरी. या नावाने त्यांना जेवढं छळलं तेवढं गाइडनेही छळलं नसेल. महाराष्ट्रात ‘कॅटेगरी’ हा शब्द गणिताचा आहे हे कुणाला पटवणार? ओपन, ओबीसी, एनटी हे लोकांना पाठ. त्याचीही थिअरी असते आणि तीत कुणी डॉक्टर होतं असं कळल्यावर गावातले दोन-तीन पालक पोरांच्या जात पडताळणीच्या फायली घेऊन सरांकडे येऊन गेले. एकाला सरांनी मनापासून समजावून सांगितलं, की आमच्यात वस्तूच्या आत काय आहे ते बघायचंच नसतं. तिच्याकडून कुठे बाण जातात आणि तिच्याकडे कुठून येतात एवढंच बघायचं, त्यावरून ती वस्तू पुरती ओळखता येते. पालक म्हणाले, “म्हणजे वंशावळच ना, सर? ती जोडलीये मी.” सर नंतर मला म्हणाले, “भाऊ, १९४५ साली आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी हा विषय काढला. एवढ्या वर्षांत इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही.”

माझं स्टँडजवळ डीटीपीचं दुकान आहे. वडिलांची ट्रेडल मशीन होती. लहानपणी मी खिळे जुळवले आहेत, जोडाक्षराचा खिळा सापडला नाही म्हणून मार खाल्लेला आहे. पुढे पेजमेकर आलं, कोरलड्रॉ आलं, आणि आता लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेच्या चिठ्ठ्या यांवर घर चालतं. सर पहिल्यांदा दुकानात आले ते प्रिंट काढायला. पेनड्राइव्ह उघडत नव्हता. मी म्हटलं, काय आहे ते सांगा, करून देतो. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढला: चार कोपऱ्यांना चार अक्षरं, चार बाजूंना चार बाण. मी कोरलमध्ये दोन मिनिटांत उभा केला. बाणाला छान लाल सावलीही दिली.

सरांनी ते असं पाहिलं, जसं भरितात कुणी साखर घातली आहे.

“भाऊ, हा बाण तुम्ही ओढला.”

“हो मग.”

“ओढलेल्या बाणाला आपण कुठून निघालो ते माहीत नसतं. हे अक्षर जरा सरकवा बरं.”

मी अक्षर सरकवलं. बाण होता तिथेच राहिला, हवेत, वरात पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या बॅंडवाल्यासारखा. त्या दिवसापासून सर मला गिऱ्हाईक म्हणून लाभले नाहीत, पण बैठकीला कायमचे लाभले.

ते वापरतात त्याला लाटेक म्हणतात. इंग्रजीत शेवटी एक्स आहे, पण तो एक्स नव्हेच, ग्रीक अक्षर आहे, म्हणून ‘क’. त्यात चित्र काढायचं नसतं, सांगायचं असतं. पहिला कोपरा लिहायचा, मग अँडची खूण, मग दुसरा कोपरा. ओळ संपली की दोन उलट्या तिरक्या रेघा. कोपऱ्यापाशी ‘अ‍ॅरो’ लिहून कंसात दिशा द्यायची: आर म्हणजे उजवीकडे, डी म्हणजे खाली, डीआर म्हणजे तिरका. बाणाचं नाव अवतरणात. ते नाव बाणाच्या दुसऱ्या अंगाला हवं असेल तर अवतरणाच्या शेपटीला एक बारीक अपॉस्ट्रॉफी द्यायची, की अक्षर टुणकन पलीकडे. मग यंत्राला म्हणायचं, बघ आता. यंत्र बघतं आणि चूक दाखवतं.

हे सगळं ज्यावर चालतं त्याचं नाव टिक्झ. ती टिल टांटाऊ नावाच्या जर्मन प्राध्यापकांची करणी, आणि त्या नावाचा जर्मनमधला विस्तार असा आहे, की ‘टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नव्हे’. दुकानावर ‘येथे चहा मिळत नाही’ अशी पाटी लावायची आणि दिवसभर चहाच उकळायचा, त्यातला प्रकार. माहितीपुस्तक हजारावर पानांचं. सरांनी ते माझ्याकडेच छापून घेतलं, पाठपोट, आणि तीन भागांत बांधलं. वहिनी त्यावर लोणच्याची बरणी ठेवतात तेव्हा ती हलत नाही.

सरांची ही खोड वडिलोपार्जित आहे, असं माझं मत आहे. वडील इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. १९६४ पासून त्या फॅक्टरीत बंदुकीची काडतुसं होतात, आणि वडिलांचं काम होतं तपासणीचं. गेज लावायचं, बसलं तर पुढे, नाही बसलं तर बाजूला. मिलिमीटरचा शंभरावा भाग हा त्यांच्या घरात रोजच्या बोलण्यातला शब्द होता. भाकरी पानात पडली की आधी ते तिची गोलाई बघत. सर त्यांच्याही पुढे गेले. लाटेकच्या पोटातलं सगळ्यात लहान माप इतकं बारीक आहे, की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका तरंगात ती शंभराच्या आसपास मावतात. म्हणजे बाण एका मापाने हलला तर ते देवालाही दिसणार नाही. सरांना दिसतं. ‘जी’ हे अक्षर बाणाला टेकलंय की नाही यावर त्यांनी तीन रात्री काढल्या. चौथ्या रात्री लाइट गेली. खिडकीतून दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी दिसत होती, आणि सर मेणबत्तीच्या उजेडात भिंग घेऊन कालची प्रिंट बघत होते.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडून कळली आणि आवडली. हे लाटेक ज्याच्यावर उभं आहे ते टेक डोनाल्ड क्नूथ यांनी केलं. १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर छापलेली, देखणी. नवी फोटोच्या तंत्राने, आणि अक्षरं अशी काही, की बघवेनात. आपल्याकडे लेखक काय करतो? प्रेसवाल्याला शिव्या देतो. या गृहस्थांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीचं यंत्रच भाषेतून बांधायला घेतलं. थोडक्यात आटपेल वाटलेलं काम दहाएक वर्षं पुरलं, आपल्या रस्त्याच्या चौपदरीकरणासारखं. ट्रेडल विकून कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी माझे वडील स्क्रीनवरच्या अक्षराकडे बघून फक्त म्हणाले होते, “याला वजन नाही.” क्नूथ यांची गोष्ट ऐकताना मला ते आठवलं. वडील त्यांना भेटले असते तर दोघांचं जमलं असतं.

टेकच्या आवृत्त्यांचे आकडेही या माणसाचेच. ३, मग ३.१, मग ३.१४, असा दर दुरुस्तीला पायचा एकेक अंक वाढतो. आपण गेल्यावर आकडा पाय करून टाकायचा, मग उरलेल्या चुका या चुका नव्हेत, ते गुणधर्म, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. हे मला लगेच समजलं. आपल्याकडे दशक्रियेला हेच करतात.

पुस्तकातली चूक सापडवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे, हे सरांनी घरी सांगितलं ती मात्र चूक झाली. त्यानंतर एका संध्याकाळी स्क्रीनवरची ओळ सरांनी मोठ्याने वाचली, “मिसिंग डॉलर इन्सर्टेड.” वहिनी पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. “किती मिसिंग होते?” डॉलर हे गणिताचा मजकूर सुरू झाल्याचं आणि संपल्याचं चिन्ह असतं, आपण टाकायला विसरलो की यंत्र स्वतःच टाकतं आणि तसं कळवतं, हे सांगेपर्यंत पोळी करपली. तेव्हापासून वहिनी यंत्राची बाजू घेतात. मागे एकदा ‘अंडरफुल एचबॉक्स, बॅडनेस १००००’ असं आलं. ओळीत शब्द विरळ पडले, मधल्या फटी फार ताणल्या गेल्या, की टेक असं म्हणतं, आणि दहा हजारांच्या वर ते मोजतच नाही. वहिनी म्हणाल्या, “मीही कधीच मोजणं सोडलंय.”

प्रबंधाचं गणित नऊ वर्षांपूर्वी झालं. “आता फक्त चित्रं राहिलीत, भाऊ,” हे वाक्य तेव्हापासूनचं. आधी सगळी चित्रं एक्सवाय-पिक नावाच्या पद्धतीत काढलेली होती. मग टिक्झमधले बाण जास्त सुबक दिसतात असं वाटलं, म्हणून सगळी नव्याने. सरांशी भुसावळ जंक्शनवर गाठ पडली की ते ठरलेली गोष्ट सांगतात: योनेडा नावाचे जपानी गणिती आणि मॅक लेन पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनात कॅफेत बोलायला बसले, बोलणं गाडीच्या डब्यात शिरलं, गाडी सुटेपर्यंत चाललं, आणि त्यातून या विषयातला सर्वांत प्रसिद्ध लेमा, म्हणजे छोटं प्रमेय, मॅक लेन यांच्या हाती लागला. “आणि आपल्या भुसावळला इतक्या गाड्या थांबतात,” सर फलाटाकडे बघत म्हणतात, “एक लेमा नाही.” मी केळी घेतो.

आता पत्रिकेचं.

सरांच्या पुतणीचं लग्न ठरलं. मजकूर माझा, नेहमीचाच. फक्त मागच्या बाजूला कार्यालयाकडे यायचा नकाशा हवा होता, आणि तो सर म्हणाले मी देतो. मी हो म्हटलं. तीस वर्षांच्या धंद्यात मी याहून मोठी चूक केलेली नाही.

नकाशा म्हणून आला तो चौकोन. वर डावीकडे भुसावळ स्टेशन, वर उजवीकडे वरणगाव स्टँड, खाली डावीकडे फॅक्टरीचं गेट, खाली उजवीकडे मंगल कार्यालय. चारही बाजू सारख्या. नाला नाही, फाटक नाही, वळण नाही. मी म्हटलं, सर, अंतरं? म्हणाले, “अंतर महत्त्वाचं नाही. स्टँडवरून या नाहीतर गेटवरून या, दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचता, हे महत्त्वाचं. याला कम्युट होणं म्हणतात.” बाणांवर एफ, जी अशी अक्षरं होती. पाहुण्यांनी एफ म्हणजे फाटा आणि जी म्हणजे गल्ली असं आपापलं लावून घेतलं. याशिवाय स्टेशनपासून थेट कार्यालयापर्यंत एक तिरका, तुटक बाण होता. सरांच्या शास्त्रात तुटक बाणाचा अर्थ असा, की अशी वाट आहे आणि ती एकच आहे. आमच्या शास्त्रात तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता.

मुहूर्त गोरज होता. यावलकडची एक जीप कच्चा रस्ता जवळचा म्हणून तुटक बाणाने निघाली आणि केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांत अडकली. काही मंडळी गेटवर पोचली. पहारेकऱ्याने पास मागितला, त्यांनी पत्रिका दाखवली. त्याने ती उलटी करून नीट पाहिली आणि म्हणाला, “यात तर गेट आहे, पण पास नाही.” अर्थात शेवटी सगळे पोचले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असताना खानदेशात माणूस पोचतोच.

मांडवात आणखी एक गोष्ट घडली. मुलीचे मामा निघाले मुलाच्या आत्याचे यजमान. मुलीकडच्यांनी त्यांना मामा म्हणून टोपी-टॉवेल दिला, मुलाकडच्यांनी आतोबा म्हणून दिला. ते दोन टोप्या हातात घेऊन उभे, कुठली घालावी? सर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “बघा भाऊ, हा चौकोन कम्युट होत नाही.” इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिला नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर जळगावचे एक वयस्क पाहुणे पत्रिका घेऊन सरांपाशी आले. “सर, सगळे बाण इकडं येणारेच आहेत. परत जायचं कसं?”

सर म्हणाले, “इन्व्हर्स असेलच असं नाही, काका.”

त्या काकांना आणि आणखी दोघांना मी माझ्या गाडीतून भुसावळला सोडलं.

सहापैकी चार बाण आता सरळ झाले आहेत. लग्नसराई तोंडावर आली आहे. पत्रिकेमागे नकाशा हवा असेल तर माझ्याकडे कोरलमध्ये काढून मिळेल. परतीचा बाण त्यातच धरलेला आहे, वेगळे पैसे नाहीत.