खडी त्यांना, डांबर आम्हाला

माझा भाचा इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो. पाच दिवस कॉम्प्युटरपुढे बसतो आणि महिन्यातला एक रविवार जुन्या माझदा एमएक्स-फाइव्हमध्ये बसून शर्यतीत घालवतो. शर्यत क्लबची. बक्षीस वीतभर कप, तोही पहिल्या तिघांना. भाचा चौदावा येतो. एवढ्यासाठी गाडी, टायर, हेल्मेट, आगीपासून वाचवणारा अंगरखा आणि दर वेळी काहीशे पौंडांची प्रवेश फी. असं पदरचं घालून पळणाऱ्याला तिकडे अ‍ॅमॅच्युअर म्हणतात, आपण हौशी म्हणतो. आमची ताई, म्हणजे त्याची आई, जे म्हणते ते या सदरात छापता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याची शर्यत बघायला मी सिल्व्हरस्टोनला गेलो. भाचेसुनेने पोह्यांचा डबा दिला होता. वीस मिनिटांत शर्यत आटोपली. भाचा चौदावा आला आणि घाम पुसत म्हणाला, "मामा, आजच्यासारखी लॅप आयुष्यात मारली नव्हती!" आम्ही डबा उघडतोय तोवर निकालाचा कागद लागला. भाचा सोळावा. नावापुढे पाच सेकंदांचा दंड. कारण : ट्रॅक लिमिट्स. म्हणजे गड्याने हद्द सोडली होती.

पोहे तसेच टाकून भाचा दाद मागायला निघाला, मी मागोमाग. शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याला तिकडे 'क्लार्क ऑफ द कोर्स' म्हणतात. नाव कारकुनाचं, अधिकार कलेक्टरचा. त्या गृहस्थांनी चहाचा मग बाजूला सरकवला आणि काही न बोलता एक क्लिप लावली. कॉप्स नावाचं उजवं वळण. भाच्याची गाडी आली, वळणातून सुटताना डावीकडे पसरत गेली, कडेच्या लाल-पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे कर्बवर, चढली आणि चित्र थांबलं. मागचं डावं चाक कर्बच्या पलीकडच्या डांबरावर होतं. भाच्याने पडद्याला हात लावून अंतर मोजलं. "अहो, हे तर चार बोटं आहे!"

"हो," गृहस्थ म्हणाले, "आणि चार वेळा आहे."

नियम समजून घ्यायचा तर कबड्डीचं मैदान डोळ्यांपुढे आणा. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबी असते. झटापट सुरू होईपर्यंत ती मैदानात धरत नाहीत, झटापट झाली की धरतात. कर्बचंही असंच आहे-नाही आहे. ट्रॅकची कड म्हणजे पांढरी रेघ. रेघ ट्रॅकमध्ये, कर्ब ट्रॅकबाहेर, पण कर्बवर चाक घातलं तर कुणी काही म्हणत नाही. इंग्लंडच्या क्लब शर्यतींत एक जरी चाक कर्बच्या बाहेरच्या कडेपलीकडे गेलं, किंवा कर्ब नसेल तिथे रेघेपलीकडे गेलं, की हद्द सोडली. फॉर्म्युला वनमध्ये मात्र अख्खी गाडी रेघेबाहेर जावी लागते, तेव्हा कुठे गुन्हा. म्हणजे कोट्यवधी घेणाऱ्याची चारही चाकं मोजणार आणि फी भरणाऱ्याचं एकच पुरणार. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

माणूस बाहेर जातोच कशाला? कारण भूमितीत पैसा आहे. वळणावर टायर जेवढं धरतो तेवढ्यात गाठता येणारा वेग वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. कड थोडी ओलांडून वळण पसरट केलं, त्रिज्या १० टक्के वाढली, तर वेग जवळपास ५ टक्के वाढतो. शंभरच्या जागी एकशेपाचने बाहेर पडलात की पुढच्या अख्ख्या सरळ रस्त्यावर त्या पाचाचं व्याज मिळत राहतं. लॅपमागे पाव सेकंद सुटला तरी बारा लॅपमध्ये तीन सेकंद होतात. चौदाव्या आणि सोळाव्या नंबरात एवढंच अंतर असतं. आणि त्या अंतरासाठी आमचा भाचा, जो रेल्वेत शेजारच्या रिकाम्या सीटवर पिशवी ठेवायलाही लाजतो, तो चार वेळा हद्द सोडतो.

याच सिल्व्हरस्टोनला १९४७ साली ही भानगड नव्हती. महायुद्धातल्या बॉम्बर विमानांचा हा तळ तेव्हा ओस पडला होता. सप्टेंबरात काही दोस्त आपापल्या गाड्या घेऊन, कुणाची परवानगी न विचारता, धावपट्टीवर शर्यत लावायला जमले. मॉरिस गेगन नावाच्या गड्याच्या वाटेत मेंढी आली. मेंढी गेली, गाडीही गेली. त्या शर्यतीला पुढे 'मटन ग्रां प्री' असं नाव पडलं. दुसऱ्याच वर्षी तिथे रीतसर ग्रां प्री झाली, पेंढ्याचे गठ्ठे रचून. त्या काळी हद्द कुठे संपते हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. हद्द स्वतःच बें बें करायची.

पुढे कडेला गवत आणि खडी आली. गवतावर चाक गेलं की गाडी घसरायची, खडीत गेलं की रुतायची. पंच नको, क्लिप नको. शिक्षा जागच्या जागी, अपील नाही.

मग डांबर आलं. का, तर खडीत आडवी शिरलेली गाडी चाक रुतून कोलांटी खाते, डांबरावर निदान ब्रेक लागतो. क्लबवाल्यांना आणखी एक कारण होतं. त्यांना एका दिवसात एकामागून एक शर्यती उरकायच्या असतात. एक पठ्ठ्या खडीत रुतला की ट्रॅक्टर येणार, शर्यत थांबणार, विसातली आठ मिनिटं तिथेच जाणार आणि फी भरलेले बाकीचे त्याच्या नावाने बोटं मोडणार. शिवाय उडालेली खडी मागच्याच्या काचेवर. तेव्हा डांबर आलं ते चांगल्या हेतूनेच आलं. आणि चांगल्या हेतूने रुंद केलेली जागा कशी वापरली जाते, हे रुंद फुटपाथ पाहिलेल्या पुणेकराला सांगायला नको.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत ट्रॅक लिमिट्सच्या बाराशेवर नोंदी तपासायला आल्या. पात्रता फेरीतच ४७ लॅप रद्द. शर्यत संपली, शॅम्पेन उडालं, लोक घरी गेले आणि काही तासांनी आठ ड्रायव्हरांना दंड लागून निकाल बदलला. जगातले वीस उत्तम चालक आणि सगळ्यांना रेघ दिसेनाशी झाली! पुढच्या वर्षी आयोजकांनी नववं आणि दहावं वळण जिथे सुटतं तिथे कर्बपलीकडे खडीची अरुंद पट्टी टाकली. त्या दोन वळणांवर साऱ्यांची दृष्टी तात्काळ सुधारली. एवढ्या स्वस्तात डोळ्यांचं शिबिर दुसरं झालं नसेल.

मधला मार्ग म्हणून उंच, फुगीर कर्बही लावून पाहिले. कापलंस वळण तर बसेल दणका. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली फॉर्म्युला वनच्या फेलिपे मासाने हा दणका शनिवारी पात्रता फेरीत खाल्ला आणि रविवारी शर्यतीत पुन्हा खाल्ला. दोन्ही दिवस पुढचं सस्पेन्शन मोडलं. शनिवारचा धडा रविवारपर्यंत टिकत नाही, हे त्याने आपल्या भूमीवर येऊन सिद्ध केलं. पण २०१९ मध्ये मोंझाला फॉर्म्युला थ्रीची एक गाडी अशाच कर्बवरून हवेत उडाली, गिरक्या घेत जाळीवर आदळली आणि अलेक्स पेरोनीचा मणका मोडला. चार बोटांना मणका हा दर कुणालाच परवडणारा नाही.

तेव्हा हौशी मंडळींच्या नशिबी उरला तो कागद. आधी नोंद, मग इशाऱ्याचा काळा-पांढरा झेंडा, मग सेकंद, आणि तरीही नाही ऐकलं तर काळा झेंडा, घरी जा. शिक्षा जमिनीतून कागदावर आली आणि त्या दिवशी प्रत्येक ड्रायव्हरमधला वकील जागा झाला.

पॅडॉकमध्ये भाच्याच्या तंबूपाशी दंड झालेली पाच-सहा मंडळी जमली. पहिला म्हणाला, मला ढकललं. दुसरा म्हणाला, फायदा झालाच नाही, उलट वेळ गेला. नियमात 'टिकाऊ फायदा' असा शब्द आहे. त्याचं म्हणणं, माझ्या आयुष्यात काहीच टिकाऊ नाही, फायदा कुठून असणार? तिसऱ्याचं उत्तर आपल्याकडून निर्यात झालेलं : पुढचाही गेला होता. एकानेही 'मी गेलो नव्हतो' असं म्हटलं नाही, हे मात्र त्यांच्या प्रामाणिकपणाला धरून झालं.

मग चर्चा उपायावर आली. कॉप्सला खडी टाका, असं ज्याला कॉप्स जमत नाही तो म्हणाला. बेकेट्सच्या वळणाला नको हां, तिथे धोका आहे. बेकेट्सला तो स्वतः बाहेर जातो. भाचा म्हणाला, कॉप्सला कशाला, बेकेट्सलाच टाका. अर्ध्या तासात अख्ख्या सर्किटला खडी लागली आणि तितक्याच वेळात निघाली. प्रत्येकाचं मागणं एकच होतं : खडी त्यांना, डांबर आम्हाला. मी गार पोहे खात ऐकत होतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची सभा याच मुद्द्यावर सलग तीन वर्षं तहकूब होते आहे.

मी हसायचा अधिकार कधीच गमावलाय म्हणा. आमच्या घराजवळच्या चौकात कोपऱ्यावर पेट्रोल पंप आहे. सिग्नल लाल दिसला की एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, डावं वळण खिशात. एकदा हवा भरणाऱ्या पोऱ्याने विचारलं, "काका, रोज येता, पण टाकत काहीच नाही?" तेव्हापासून मी महिन्यातून एकदा शंभराचं पेट्रोल टाकतो. याला इंग्रजीत 'जस्टिफायेबल रीझन' म्हणतात.

आणि टाळ्या कुणाला पडतात तेही बघा. १९९६ साली कॅलिफोर्नियात लागुना सेकाच्या कॉर्कस्क्रू वळणावर अ‍ॅलेक्स झनार्डीने शेवटच्या लॅपला ब्रायन हर्टाला गाठलं, गाडी पार ट्रॅकबाहेर आतल्या बाजूला घातली आणि शर्यत मारली. त्याला आजही आदराने 'द पास' म्हणतात. २०१७ मध्ये ऑस्टिनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत वर्स्टॅपेनने शेवटच्याच लॅपला आतून वळण कापून रायकोनेनला मागे टाकलं, तर पाच सेकंदांचा दंड आणि तिसरा नंबर हातचा गेला. एकाची आख्यायिका झाली, दुसऱ्याचा गुन्हा. भाच्याचं दोन्ही झालं नाही, सोळावा नंबर झाला.

त्यातल्या त्यात शहाणपण अमेरिकेतल्या 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स'वाल्यांकडे सापडतं. २००६ पासून ते पाचशे डॉलरच्या भंगार गाड्यांच्या शर्यती भरवतात. चारही चाकं बाहेर गेली की काळा झेंडा, आणि गुन्हेगार थेट न्यायाधीशापुढे. शिक्षा काय? कधी ड्रायव्हरला तोंड रंगवून मूकनाट्य करायला लावतात, कधी शाळेतल्यासारखं गाडीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावतात. हौशी माणूस पैशासाठी पळत नाही, इभ्रतीसाठी पळतो. त्याच्या हद्दीवर खडी टाकायची तर तिथेच टाकली पाहिजे, हे त्यांना बरोबर कळलंय.

परतताना गाडी भाचाच चालवत होता. गावाची हद्द आली, ताशी ३० मैलांची पाटी दिसली. भाचा २९ वर. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. मी म्हटलं, "अरे, आता चार बोटं जाऊ दे की." तो म्हणाला, "मामा, कॅमेरा आहे. शंभर पौंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट." खडी होती तर.

पुढच्या शर्यतीच्या रविवारी त्याच्या माझदाचं इंजिन बसलं होतं. घरात चुळबुळ नको म्हणून त्याने मार्शलांच्या मदतीला नाव दिलं. ही सगळी मंडळी बिनपगारी, केशरी अंगरखे घालून उन्हापावसात उभी राहणारी. भाच्याला एका जुन्या निरीक्षकाशेजारी कॉप्सला बसवलं, हातात पॅड दिलं, कडेपलीकडे जाईल त्याचा नंबर लिहायला सांगितलं. मी कुंपणापलीकडून बघत होतो. दुपारपर्यंत भाच्याचं पान भरलं. त्यात गेल्या वेळी तंबूपाशी त्याच्याबरोबर गळा काढणारे तिघं होते. एका नंबराखाली त्याने दोनदा रेघ मारली होती.

चहाच्या सुट्टीत मी म्हटलं, "अरे, त्या बिचाऱ्याचं चाक फार तर चार बोटं बाहेर होतं."

"चार बोटं म्हणजे बाहेरच, मामा," भाचा पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. "रेघ कशाला मारलीय मग?"