खुलासा व्हावा

"प्रामाणिक मत ऐकायचंय?" असं विचारून, समोरच्याने हो-नाही म्हणायच्या आत ते देऊन टाकणारा एक वाचक प्रत्येक वाचनालयाच्या वाट्याला आलेला असतो. तुमच्याही वाचनालयात आहे. तुम्ही 'ययाति' घेऊन काउंटरशी उभे असता आणि मागे तो असतो. तुमच्या हातातल्या पुस्तकाकडे डॉक्टरने एक्स-रेकडे बघावं तसा बघतो आणि म्हणतो, "न्या न्या. खांडेकर आहेत, वाईट नाही. पण त्या राजाचा खजिना सांभाळत कोण होतं, ते शेवटपर्यंत कळत नाही."

डोंबिवलीतल्या एका जुन्या वाचनालयात या जमातीचा जो नमुना आहे, त्याला सगळे ऑडिटकाका म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं नगरपालिका, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा यांचे हिशेब तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं भजनाला जातात, कुंड्यांत मिरच्या लावतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतात. काकांनी मराठी कादंबरी तपासायला घेतली. (सेक्रेटरीलाही सोडलेलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.)

तपासणीची पद्धत ठरलेली. टोक केलेली पेन्सिल, पट्टी आणि समास. जिथे म्हणून कादंबरीत कुणी खर्च करतं आणि पैसा कुठून आला ते लेखक सांगत नाही, तिथे काका समासात दोन शब्द लिहितात: 'खुलासा व्हावा.' खाली तारीख, त्याखाली सही. पुस्तकांत काहीही लिहू नये, अशी पाटी वाचनालयात आहे. ग्रंथपाल मॅडमनी ती पाटी काकांना दाखवली, तेव्हा त्यांनी पाटीवर आदेश क्रमांक नसल्याचं निदर्शनास आणून दिलं.

'मृत्युंजय' १९६७ साली आली तेव्हापासून महाराष्ट्र कर्णासाठी रडतो आहे. परवाच ती परत करायला आलेल्या एका वहिनींचे डोळे अजून लाल होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग मत दिलं.

"लिहिलंय झकास. शिवाजी सावंतांच्या भाषेला तोड नाही. पण वहिनी, कवचकुंडलं काढून दिली, ठीक आहे. पावती?"

"काका, देवाला कसली पावती?"

"तेच तर. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण. सहा जण बोलतात पुस्तकात. सहातल्या एकाने तरी अंगदेशाचा महसूल किती होता ते सांगावं? रोज एवढं दान चालायचं, ते कुठल्या लेखाशीर्षाखाली?"

वहिनींनी त्या दिवशी कादंबरीऐवजी पाककृतींचा दिवाळी अंक नेला.

'ययाति'च्या प्रतीत पुरू बापाला आपलं तारुण्य देतो तिथे समासात लिहिलेलं आहे: 'उसनवारी की बक्षीसपत्र? खुलासा व्हावा.' खांडेकरांना १९७४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, हे काका अभिमानाने सांगतात. पाठोपाठ त्या रकमेवर आयकर लागला होता का, हेही विचारतात.

प्रेमकथांच्या कपाटाशी काका फार वेळ घालवत नाहीत. ना. सी. फडक्यांच्या नायकांना ते सरसकट 'बिनपगारी' म्हणतात. या नायकांना प्रेमात पडायला भरपूर सवड असते, पण पगाराची तारीख कधी येत नाही. चंद्रकांत काकोडकरांचं नाव काढलं की इतर म्हातारे गालातल्या गालात हसतात. काका हसत नाहीत. काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दंड केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. यावर काकांचा एकच प्रश्न आहे: भरलेला दंड परत मिळाला का?

अशा माणसाला 'कोसला' आवडू नये. पण ती त्यांना भलतीच आवडते, आणि का आवडते हे ऐकून नेमाड्यांचे भक्त कासावीस होतात. एकदा एम. ए. करणारा एक मुलगा काउंटरशी कुणाला तरी अस्तित्ववाद समजावून सांगत होता. पांडुरंग सांगवीकरचं परात्म होणं वगैरे रंगात आलं होतं. काका मध्येच म्हणाले, "अस्तित्ववाद असेल हो. पण मूळ दुखणं मेसचं आहे." मग त्यांनी मुलाला खुर्चीत बसवून मांडून दाखवलं: मुलगा पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात मेसचा कारभार अंगावर घेतो, तो अंगाशी येतो, पैसे जातात ते गावाकडच्या वडिलांचे, आणि हे सगळं तो आपल्या तोंडाने कबूल करतो. "१९६३ साल आहे! तुटीची इतकी स्वच्छ कबुली मी आख्ख्या नोकरीत बघितली नाही," काका म्हणाले. मुलाने नंतर आपल्या प्रबंधिकेत मेसवर चार ओळी घातल्या, असं मॅडम सांगतात.

'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट आला आणि कॉलेजची पोरं सुहास शिरवळकरांची पुस्तकं मागायला लागली. कट्ट्यावरचा चहा कुणाच्या खात्यावर, एवढंच विचारून काकांनी ती कादंबरी सोडून दिली. अरुण साधूंचं 'सिंहासन' मात्र त्यांनी आशेने उघडलं होतं. डॉ. लागूंनी पडद्यावर केलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे त्यांच्या मनात घर करून होते. मराठी कादंबरीत अखेर एक अर्थमंत्री आला म्हणून ते खूश होते. पुस्तक परत आलं तेव्हा शेवटच्या पानावर होतं: 'अर्थमंत्री आहेत, अर्थसंकल्प आढळला नाही.'

भुतांनासुद्धा सूट नाही. नारायण धारपांची 'लुचाई' वाचून पोरं रात्री दिवा चालू ठेवून झोपतात. गूढकथांतल्या ओसाड वाड्यांबद्दल काकांचं म्हणणं असं, की एवढी मोठी वास्तू एवढ्या स्वस्तात मिळते तेव्हा माणसाने आधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्यावा. भुताचं नंतर बघता येईल.

२०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आल्यावर तर त्यांना उत्साहाचं भरतं आलं. चित्रपट बघून आलेली मुलं वाचनालयात येऊन 'तुंबाडचे खोत' मागत आणि श्री. ना. पेंडशांच्या दोन जाडजूड खंडांत चित्रपटातला हस्तर शोधत बसत. काका त्यांना बाजूला घेऊन समजावत, की चित्रपटाचं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून आलंय आणि गोष्टीचं बीज धारपांच्या कथेतलं आहे. "याला आमच्याकडे पुनर्विनियोजन म्हणतात. एका शीर्षाची रक्कम दुसऱ्या शीर्षावर. गुन्हा नाही, पण मंजुरी लागते." मुलं घाबरून दोन्ही पुस्तकं नेत. एका अर्थाने वाचनाचा प्रसार झाला.

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हा किस्सा सगळे कौतुकाने सांगतात. बक्षिसाचा धनादेश कोणत्या नावाने निघाला? बरोबर. खुलासा व्हावा.

एवढं सगळं करून हा माणूस पुस्तकं सोडत मात्र नाही, हे हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. वैताग आहे, पण अर्धवट वाचून मत देणाऱ्यांतला नाही. पुरवण्यांतली परीक्षणं लिहिणाऱ्या अनेकांपेक्षा तो जास्त पानं वाचतो. आणि 'आक्षेप नाही' हा शेरा त्याला लिहिता येत नाही असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या शेवटच्या पानावर तो शेरा आहे. एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीत जातो, गाव राबून तालीम उभी करतं, पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. तालमीच्या बांधकामाबद्दल काकांची काही तक्रार नाही. ती प्रत खिळखिळी झाली होती. तिची बांधणी कुणाच्या पैशाने झाली, याची नोंद वाचनालयाच्या वहीत सापडत नाही. बाइंडर सांगतो, काकांच्या.

काकांबद्दल थोडी माया वाटायला सुरुवात झाली ती 'पानिपत'पासून. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची. खर्चाला पैसा पुरेना म्हणून सदाशिवरावभाऊंनी १७६०च्या पावसाळ्यात दिल्लीच्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून रुपये पाडले, तिथे काकांची पेन्सिल अपेक्षेप्रमाणे सुटली: 'मूल्यांकन? लिलाव? निर्लेखनाचा आदेश? खुलासा व्हावा.' वाचनालयाच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी ते पान एकमेकांना वाचून दाखवलं. हसून झालं. मग कुणीतरी पराभवाच्या त्या प्रसिद्ध पत्राचा विषय काढला. नानासाहेब पेशव्यांपर्यंत पानिपतची बातमी पोचली ती सावकारी भाषेत. विश्वासराव आणि भाऊ म्हणजे मोती, सरदार म्हणजे मोहरा, आणि बाकीची फौज म्हणजे चिल्लर, जिची मोजदाद नाही.

"म्हणजे हिशेबनीसाचंच पत्र म्हणा की काका," एक जण म्हणाला.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मोहरा मोजल्या ना? मग खुर्दा का नाही मोजला? मोजायचा असतो तो. तिथेच सगळी गडबड असते."

कट्टा गप्प झाला. कट्ट्याला ही सवय नव्हती.

मग काकांच्या पिशवीतली गोष्टही उघडकीला आली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पातळसं पुस्तक नेहमी पिशवीत असायचं. लोकांना वाटायचं गीता. ते निघाले बाबुराव अर्णाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिणारे, काळापहाड, झुंझार, धनंजय-छोटूवाले अर्णाळकर. काळापहाडच्या उत्पन्नाचं साधन काय, असं पोरांनी विचारून बघितलं. काकांनी उत्तर दिलं नाही. काळापहाडच्या एकाही समासात पेन्सिलीची रेघ नव्हती.

त्याचं कारण त्यांनी मॅडमना एकदा बोलता बोलता सांगितलं. अर्णाळकर पहिल्या पानावर मुडदा पाडतात आणि शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक मुद्द्याचं अनुपालन करतात. कोण आला, कुठून आला, दागिने कुठे गेले, सगळं. काकांनी नोकरीत आयुष्यभर आक्षेप लिहिले. गळक्या पाइपांची दोनदा निघालेली बिलं, कागदावरच्या विहिरी, न केलेल्या कामांवरचे हजेरीपट. उत्तर यायचं, 'माहिती घेऊन कळवण्यात येईल.' अधिकारी बदलून जायचा, नवा यायचा, तोही माहिती घ्यायचा. काका नोकरीला लागायच्या आधीचे काही परिच्छेद ते निवृत्त झाले तेव्हाही प्रलंबित होते. चाळीस-पन्नास पैशांच्या त्या जुन्या पुस्तकात मात्र शेवटच्या पानावर कुणीतरी येऊन सगळा खुलासा करायचा.

'झाडाझडती' त्यांनी उशिरा वाचली. पाटलांचीच, १९९१ची, साहित्य अकादमी मिळालेली. धरणासाठी उठवलेल्या माणसांची, मोबदल्यासाठी आणि पर्यायी जमिनीसाठी त्यांनी मारलेल्या हेलपाट्यांची ही कादंबरी लिहिणारा माणूस स्वतः प्रशासनातला. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्येच केला होता, ही तारीख काकांना पाठ. लोकांना वाटलं, आता या पुस्तकाचे समास काळे होणार. पैसा आला कुठून आणि गेला कुठे, हा तर काकांचा हक्काचा प्रश्न.

पुस्तक परत आलं ते कोरं. मॅडमनी मुद्दाम उलटून बघितलं आणि विचारलं, "काका, यात खुलासा नको?"

"हवा ना. पण इथे आक्षेप लेखकानेच घेतलाय. खुलासा सरकारने करायचाय. आपण मध्ये कशाला लिहा?"

हे ते चिडून म्हणाले. नंतर बराच वेळ रजिस्टरमधली परताव्याची नोंद बरोबर झाली की नाही तेच बघत उभे राहिले.

आता वाचनालयातली मंडळी त्यांच्याविषयी जरा जपून बोलतात. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान हवं तर दरवर्षी हिशेब तपासून, कागद जोडून पाठवावे लागतात, आणि 'ब' वर्गाच्या वाचनालयाला लेखनिक परवडत नाही. ते कागद काका तयार करतात. फुकट. वर चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा, कारण वाचनालयाच्या चहाचं व्हाउचर त्यांनाच तपासायचं असतं. अनुदानाला उशीर झाला की संबंधितांना पत्र जातं. त्या पत्राचा शेवटचा शब्दप्रयोग वाचकांनी ओळखला असेलच.

नव्या सभासदांत आणखी एक खूळ निघालंय. काकांनी तपासलेली प्रत असेल तर तीच द्या, असं ते काउंटरवर सांगतात. मॅडम रागावतात आणि तीच प्रत काढून देतात.

सध्या काकांकडे नेमाड्यांची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' आहे. २०१०ची, सहाशेच्या आसपास पानांची. शीर्षकात अडगळ आहे म्हटल्यावर पहिल्याच पानावर त्यांनी जडसंग्रह नोंदवहीची मागणी केली आहे. पुस्तक परत यायला दिवाळी उजाडेल असा अंदाज आहे. कुणाला हवं असेल तर मॅडमकडे नाव नोंदवून ठेवावं, आणि नोंदवल्याची पावती मागून घ्यावी.